उजव्या पायाचा गिअर

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या त्या घराच्या दाराशी, आतल्या बाजूला, बूट घालायला म्हणून एक अरुंद बाक ठेवलेला होता. सकाळी संजीवची दाढी चालू असतानाच एकनाथ सावर्डेकर त्या बाकावर तयार होऊन बसलेला असे. अंगात जाकीट, मांडीवर डबा, बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने आवळलेल्या. आपल्यापायी कुणाला खोळंबावं लागू नये, एवढीच त्याची सकाळची प्रार्थना होती.

"दादा, अजून वीस मिनिटं आहेत," सुलेखा स्वयंपाकघरातून म्हणायची. "चहा तरी टेबलाशी बसून घे."

"असू दे गं. बसलोय निवांत."

निवांत तो नसायचा. सुलेखा त्याची धाकटी बहीण. तिनेच कागदपत्रं करून त्याला अमेरिकेत आणलं होतं. मिरजेला पाटबंधारे खात्यात एकोणीस वर्षं काढून, चाळिशी ओलांडल्यावर तो इथे आला होता, आणि मॅडिसन हाइट्समधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचे साचे घासायच्या कामाला लागला होता. बायको लतिका आणि दोन मुली अजून मिरजेलाच होत्या. इथे जम बसला की त्या यायच्या होत्या. पगारातलं जे मागे पडे ते तिकिटांसाठी. मेहुण्याचं, म्हणजे संजीवचं, ऑफिस नेमकं उलट्या दिशेला होतं. तरीही तो रोज एकनाथला आधी वर्कशॉपवर सोडायचा, मग उलटा फिरून ऑफिसला जायचा. कधी चकार शब्द काढला नाही त्याने. एकनाथला तेच जास्त लागायचं. कुरकुर करणाऱ्या माणसाचं ऋण थोडं तरी फिटतं. न बोलणाऱ्याचं नुसतं साचत जातं.

शिवाय हे बहिणीचं घर. भावाने बहिणीकडे जावं ते हातात काहीतरी घेऊन, दोन दिवस राहावं, तिने आग्रह केला की तिसऱ्या दिवशी निघावं. एकनाथला इथे येऊन दिवाळी होऊन गेली होती. मिरजेला असताना सुलेखाने एकदा लिहिलं होतं, 'दादा, मी इथून डॉलर भरते, तुला स्कूटर लगेच मिळेल.' तेव्हा परदेशी चलन भरलं की स्कूटरसाठी वाट पाहावी लागत नसे. एकनाथने तिला कळवलं, मी नंबर लावलाय, यथावकाश येईल. आठ वर्षं झाली, तो यथावकाश काही आला नाही, आणि एकनाथच विमानात बसून इकडे आला. बहिणीच्या पैशाची स्कूटर नको म्हणणारा माणूस आता रोज तिच्या नवऱ्याच्या गाडीत अंग चोरून बसत होता.

म्हणून त्याने मोटरसायकल घ्यायचं ठरवलं.

हे त्याने जाहीर केलं ते एका शनिवारी, घरी चारजण जेवायला आलेले असताना. सगळ्यात आधी राजीव उसळला. हा संजीवचा मित्र, नागपूरचा.

"एकनाथराव, मोटरसायकल? मिशिगनमध्ये? यार, विंटरमध्ये काय करणार? बर्फावर स्केटिंग?"

"बर्फाचे चार महिने वर्कशॉपमधला एकजण पेट्रोलच्या बदल्यात न्यायला तयार आहे," एकनाथ शांतपणे म्हणाला. "बाकीचे आठ महिने माझे."

"त्यापेक्षा जुनी कार घ्या ना."

"कार जुनी मिळते हो. इन्शुरन्स नवाच घ्यावा लागतो."

यावर सगळे हसले आणि विषय संपला. संजीवची तेरा वर्षांची कांचन तेवढी डोळे मोठे करून म्हणाली, "मामा ऑन अ मोटरसायकल? दॅट्स सो कूल." सुलेखाने भावाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्याने नको म्हणून हात आडवा केला नाही, तेव्हा तिला कळलं की याचं ठरलं आहे.

मोटरसायकल एकनाथला नवी नव्हती. मिरजेला खात्याची बुलेट होती, आणि कालव्याच्या भरावावरून ती चालवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गाडी कशी हवी हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. हलकी हवी. किक हवी, कारण बॅटरी आज ना उद्या दगा देणारच. पेट्रोल कमी प्यायला हवी. आणि चाकाची हवा, चेन, प्लग हे सगळं आपल्या हाताला लागायला हवं. वेगाचा विचार त्याच्या मनात कुठेच नव्हता.

एका शनिवारी तो बस बदलत बदलत एका सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात गेला. तिथे लांबलचक, चकाकत्या, म्हशींसारख्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. सेल्समन त्याला त्यातली एकेक दाखवत होता. ही साडेसातशे सी.सी. ही हजार. एकनाथ प्रत्येकीपाशी थांबून एकच विचारत होता : "ही एका गॅलनला किती जाते?" सेल्समन म्हणाला, दहा वर्षांत मला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मग कोपऱ्यात, गवत कापायच्या यंत्राशेजारी एकनाथला एक लहानशी लाल गाडी दिसली. तिला किक होती. किंमतही बेतात होती. कुठल्या देशाची, कुठल्या कंपनीची, याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. त्याने टाकीवरून हात फिरवला. एखाद्या अनोळखी गावात ओळखीचा चेहरा दिसावा तसं त्याला झालं.

"आजच घेऊन जा," सेल्समन म्हणाला.

इथेच गाडं अडलं. आजच? एकनाथच्या आयुष्यात कुठलीही चांगली वस्तू आजच मिळाली नव्हती. गॅस, टेलिफोन, स्कूटर, व्हिसा, सगळ्यासाठी नाव घालायचं आणि वाट पाहायची. जी लगेच मिळते तिच्यात काहीतरी खोट असणार. चांगली असती तर तिच्यासाठी रांग नसती का? त्याने गाडी पुन्हा खालून वर पाहिली. खोट सापडेना, आणि सापडत नाही म्हणून संशय आणखी वाढला. शेवटी त्याने खिशातून पेन काढलं, सेल्समनच्या कार्डाच्या पाठीवर आपलं नाव आणि फोन नंबर सुवाच्य अक्षरांत लिहिला, आणि कार्ड त्याच्याच हातात ठेवलं.

"माझं नाव लिहून ठेवा. मी पुढच्या शनिवारी येतो."

सेल्समनने मान डोलावली. एकनाथ समाधानाने बसमध्ये बसला. नाव लागलं होतं.

पुढच्या शनिवारी गवत कापायचं यंत्र तिथेच होतं, शेजारची जागा रिकामी होती.

"पण माझं नाव होतं!" एकनाथ म्हणाला.

"नाव होतं," सेल्समन म्हणाला, "पैसे त्याचे होते."

घरी त्याने कुणाला हे सांगितलं नाही. फक्त सुलेखाला सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता. ती हसली नाही. हातातली बशी तशीच धरून म्हणाली, "मी पण पहिल्या वर्षी फ्रिजच्या दुकानात विचारलं होतं, डिलिव्हरी कोणत्या वर्षी मिळेल म्हणून." मग मात्र दोघंही हसली, लहानपणी हसायची तशी, आवाज न करता, खांदे हलवत.

दुसरी गाडी त्याला वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीत सापडली. रॉयल ओकमधला एक विद्यार्थी विकत होता. होंडा, दोनशे सी.सी. या वेळी वाट पाहायची नाही असं ठरवून एकनाथने रात्रीच्या जेवणावर सांगून टाकलं, की उद्या मी गाडी घेऊन येतोय.

"कुठली?" संजीवने विचारलं.

"होंडा."

संजीवचा घास हातातच राहिला. तो शांत माणूस होता, आवाज चढवणं त्याला जमत नसे. त्यामुळे तो बोलायचा थांबला की घरात सगळ्यांना ऐकू जाई.

"दादा, तुम्हाला गाडी घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण जपानी नको. या ड्राइव्ह-वेमध्ये तर नकोच."

"संजीवराव, अमेरिकन मला परवडत नाही. आणि ती माझ्याच्याने उचलायचीही नाही."

"समोर जेरी राहतो ना?" संजीवने खिडकीकडे नुसती मान केली. "चोवीस वर्षं मोटारींच्या प्लँटमध्ये फोरमन होता. नाताळच्या आधी त्याला घरी बसवला. रोज सकाळी तो कॉफीचा मग घेऊन पायरीवर उभा असतो, आणि मी त्याच्यासमोर टाय लावून निघतो. मला तेच जड जातं, दादा. लोक म्हणतात जपान्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या. खरं असेल, खोटं असेल. पण त्याच्या डोळ्यांसमोर मी जपानी गाडी नाही उभी करू शकत."

एकनाथच्या वर्कशॉपच्या पार्किंगमध्येही पाटी होती : परदेशी गाड्या मागच्या कुंपणापाशी. म्हणजे गाडी घ्यायची ती इथे लपवायची आणि तिथेही लपवायची. संजीवचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला बरोबर म्हणणंसुद्धा भिंतीसारखं लागतं. ताट धुताना तो सुलेखाला एवढंच म्हणाला, "घर त्यांचं आहे." सुलेखाने नळ बंद केला. "घर माझंही आहे, दादा," ती म्हणाली. पण ते ऐकायला तो थांबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो रॉयल ओकला गेलाच. गाडी दोन गल्ल्या सोडून चर्चच्या मागे लावू, तिथून चालत येऊ, असा त्याने मनाशी हिशेब केला होता. स्वतःचं वाहन असूनही ते ओळखीचं नाही असं दाखवत चालत यायचं, हे त्यालाही हास्यास्पद वाटत होतं. पण बाकावर बसण्यापेक्षा ते बरं.

त्या विद्यार्थ्याने गाडी अंगणात काढून ठेवली होती. गिअर डाव्या पायाखाली, ब्रेक उजव्या पायाखाली, असं त्याने नीट समजावूनही सांगितलं. एकनाथने मान हलवली. डोक्याला ते समजलं. पण बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या. एकोणीस वर्षं त्याच्या उजव्या पायाने कालव्यावर गिअर टाकले होते, आणि पायाला कुणी काही समजावून सांगितलेलं नव्हतं. पहिला गिअर त्याने लक्ष ठेवून डाव्या पायाने टाकला. गाडी निघाली. वारा तोंडावर आला. इंजिनचा आवाज चढला. आता दुसरा, असं त्याच्या शरीराने आपोआप ठरवलं, आणि उजवा पाय जोरात खाली दाबला.

मागचं चाक जागच्या जागी आवळलं. कोपऱ्यावर खडी होती. गाडी एका अंगाला गेली, एकनाथ दुसऱ्या.

लागलं फारसं नाही. गुडघा सोलवटला, पँट फाटली. गाडीचा इंडिकेटर मात्र तुटला. मुलगा बिचारा "आर यू ओके, सर?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि त्या 'सर'ची एकनाथला पडण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. इंडिकेटरचे पैसे त्याने हट्टाने दिले, आणि गाडी न घेताच परतला. त्याला पहिल्यांदाच वाटलं, की या देशात पायसुद्धा नवे लावून घ्यायला हवेत, आणि जुने पाय ठेवायला इथे जागा नाही.

बसथांब्यापासून लंगडत तो गल्लीत वळला. समोरच्या घरापुढे ड्राइव्ह-वेवर टेबलं मांडलेली होती. दिवे, बेसबॉलचे हातमोजे, मुलांच्या सायकली, कपांचे सेट, सगळं बाहेर. गराज सेल, घरातलं जुनं सामान विकायला काढलेलं. जेरी घडीच्या खुर्चीत बसला होता. मोठा, लालसर, थकलेला माणूस. आजवर दोघांची ओळख हात हलवण्यापलीकडे गेली नव्हती.

"कोणाशी मारामारी केलीस?" जेरीने हाक मारून विचारलं.

एकनाथला टाळता आलं असतं. पण त्याचा गुडघा ठणकत होता आणि माणूस विचारत होता. त्याने आपल्या खणखणीत, मिरजेच्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की मोटरसायकलवरून पडलो. कुठली, ते नाही सांगितलं. का पडलो, ते मात्र सांगितलं. सांगता सांगता तिथेच उभ्या उभ्या त्याने दोन्ही पायांनी करून दाखवलं : आमच्याकडे हा पाय गिअर, हा पाय ब्रेक. एखाद्या विचित्र नाचासारखं ते दिसत असावं.

जेरी आधी हसला. मग हसायचा थांबला.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

एकनाथने पुन्हा केलं.

"उजव्या पायाने गिअर?"

"उजव्या."

जेरी उठला. गराजच्या अगदी आत, शिडीच्या मागे, चादर टाकलेलं काहीतरी होतं. त्याने चादर ओढली. खाली इंग्लंडची जुनी मोटरसायकल होती, अडीचशे सी.सी.ची, टाकीचा हिरवा रंग उडालेला, टायर बसलेले. तिला सेल्फ स्टार्टर नव्हता, नुसती किक. आणि गिअर उजवीकडे.

"सकाळपासून तिघंजण बसून गेले," जेरी म्हणाला. "एक म्हणाला, बटण कुठाय? दुसरा म्हणाला, हिचे पाय उलटे आहेत. मी लग्नाच्या आधी घेतलेली. मंगळवारी आम्ही ह्यूस्टनला चाललो. तिकडे काम आहे म्हणतात. ट्रकमध्ये हिला जागा नाही."

एकनाथ खाली वाकला. तेल थोडं गळत होतं. चेन गंजली होती. क्लचची वायर तुटायला आली होती. हे सगळं त्याच्या हाताला लागण्यासारखं होतं. बऱ्याच दिवसांनी त्याला कुठल्यातरी गोष्टीत खोट दिसल्याचा आनंद झाला. आता ही गाडी विश्वासाची वाटू लागली.

"ही गॅलनला किती जाते?" त्याने विचारलं.

जेरीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सत्तर," तो म्हणाला. "चालू असली तर."

किंमत जेरीने सांगितली ती जुन्या फ्रिजलाही शोभली नसती. घासाघीस करायला एकनाथची जीभ नेहमीप्रमाणे उचलली गेली होती. पण बाहेर टेबलावर मांडलेले हातमोजे आणि कप त्याला दिसले, आणि त्याने ती आवरली.

संध्याकाळपर्यंत दोघंही गराजमध्ये उकिडवे बसले होते. संजीव ऑफिसच्या कामाचे कागद बाजूला सारून खिडकीतून पाहत होता. शेवटी तो रस्ता ओलांडून गेला. "जेरी, तू चाललास हे मला माहीत नव्हतं," असं काहीतरी तो म्हणाला.

"तू कधी विचारलंच नाहीस," जेरी म्हणाला, पण रागाने नाही. "तो पान्हा दे इकडे. तेरा नंबरचा नाही. अर्ध्या इंचाचा. ही इंग्रजांची आहे."

संजीवने पान्हा दिला. मग तोही आपली इस्त्रीची पँट सांभाळत खाली बसला. टाय लावून रोज समोरून जाणाऱ्या त्या माणसाच्या हाताला काळं तेल लागलं तेव्हा तिघांचंही बोलणं सोपं झालं.

अंधार पडायच्या आधी गाडीने किकला दाद दिली. सातव्या का आठव्या किकला ती खोकली, धूर सोडला, आणि धडधडायला लागली. सुलेखा दारात येऊन उभी राहिली, कांचन पळत रस्त्यावर आली. जेरीने आपलं जुनं हेल्मेट एकनाथच्या डोक्यावर बसवलं. एकनाथने क्लच दाबला. उजव्या पायाला कुणी काही सांगितलं नाही. तो आपला आपण गेला, पहिला, दुसरा. गल्ली त्याच्याखालून सरकायला लागली, आणि मानेतला कित्येक महिन्यांचा ताठा सैल पडला.

"दादा!" सुलेखा जिवाच्या आकांताने ओरडली. "उजवीकडून! रस्त्याच्या उजवीकडून!"

एकनाथ ऐटीत मिरजेच्या बाजूने, म्हणजे डावीकडून, चालला होता. सुदैवाने गल्ली रिकामी होती. तो वळला, योग्य बाजूला आला, आणि परत येऊन थांबला तेव्हा जेरी पोट धरून हसत होता. "पाय बरोबर आहेत," तो म्हणाला, "आता डोकं तेवढं बदल."

मंगळवारी जेरीचा ट्रक गेला. जाताना त्याने बायकोचंही हेल्मेट एकनाथच्या हातात कोंबलं. "पॅसेंजर मिळाला तर," म्हणाला. समोरची पायरी रिकामी झाली. संजीव अजूनही सकाळी निघताना तिकडे एकदा पाहतो आणि मगच गाडी सुरू करतो. ह्यूस्टनहून काही कळलं नाही, आणि कळेल असं कुणाला वाटतही नव्हतं. माणसं अशीच जातात. मागे त्यांचा एखादा पान्हा राहतो.

एकनाथला लायसन्स मिळायला पुढचा महिना उजाडला. वर्कशॉपच्या पार्किंगमध्ये तिथल्या माणसांनी गाडीभोवती फेरी मारली, ही कुठली म्हणून विचारलं, आणि इंग्लंडची म्हटल्यावर कुंपणापाशी कशाला, पुढेच लाव म्हणाले. इंग्लंडने कुणाची नोकरी खाल्ली नव्हती. लहर आली की ती गाडी दहादहा किका मारायला लावायची आणि तेल तर रोजच मागायची. एकनाथ तिच्याशी मराठीत बोलायचा.

मग एका शनिवारी सकाळी तो बाहेर चेनला तेल घालून हात पुसत आत आला. दाराशी, त्या अरुंद बाकावर सुलेखा बसलेली होती. पायात बूट, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीवर जेरीच्या बायकोचं हेल्मेट. तिची स्वतःची स्टेशन वॅगन गराजमध्ये उभी होती, टाकी भरलेली.

"काय गं?"

"मला मंडईपर्यंत सोड. रॉयल ओकच्या."

एकनाथ तिच्याकडे पाहत राहिला. तिने इतक्या वर्षांत त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"अजून उघडायचीय ती," तो म्हणाला. "वीस मिनिटं आहेत."

"असू दे," सुलेखा म्हणाली. "बसलेय निवांत."

बाहेर आल्यावर ती सवयीने दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायला गेली, मिरजेला खात्याच्या बुलेटवर त्याच्यामागे बसायची तशी.

"इथे दोन्हीकडे पाय टाकून बसतात," एकनाथ म्हणाला. "पोलीस पकडेल."

"तू आधी रस्त्याच्या कुठल्या बाजूने जातोस ते बघ. मग पोलिसाचं सांग."

त्याने किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, जी ती कधीच होत नसे. सुलेखाने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. एकनाथने आरशात पाहिलं, गल्लीच्या उजव्या कडेला गाडी घेतली, आणि अगदी सावकाश दुसरा गिअर टाकला.